अर्धी मोजणी

सुहासला मराठी मंडळात सगळे ‘तलाठी’ म्हणायचे. डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को नावाचं जे गाव बघता बघता शेतातून उठून शहर झालं, तिथे तो राहायचा आणि तिथल्या निम्म्या मराठी घरांचा उतारा त्याला तोंडपाठ असायचा. यात बेकायदा काही नव्हतं. टेक्सासमध्ये काउंटी-काउंटीचं एक मूल्यांकन कार्यालय असतं. त्याच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की मालकाचं नाव, प्लॉट केवढा, बांधकाम किती चौरस फूट, घर कोणत्या साली बांधलं, मागे पोहण्याचा तलाव आहे का, मागच्या काही वर्षांत कार्यालयाने घराची किंमत काय काय धरली, सगळं समोर येतं. पासवर्ड नाही, फी नाही, आणि ज्याचं बघितलं त्याला पत्ताही लागत नाही. कोणाच्या वास्तुशांतीचं आमंत्रण आलं की सुहास आदल्या रात्री त्या घराची कुंडली काढायचा आणि जेवताना हळूच बायकोच्या, मेघनाच्या, कानाशी लागायचा, “साडेआठ लाख धरलंय. गॅरेज तीन गाड्यांचं.”

एकच गोष्ट या कागदांत सापडत नाही. घर प्रत्यक्षात कितीला घेतलं, ती रक्कम. टेक्सासात ती सरकारला कळवण्याची सक्ती नाही. काउंटी क्लार्ककडे नोंदलेल्या खरेदीखतात बहुधा ‘दहा डॉलर आणि इतर मोबदला’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यामुळे खरा आकडा हेरण्यात जी मजा असते, ती सुहासला पुरेपूर मिळायची. शेजारी बार्बरा नावाच्या एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहायच्या. त्यांचं घर कार्यालयाने पावणेसहा लाखांचं धरलंय, हेही त्याने दोन-तीन पार्ट्यांत सांगितलं होतं. स्वतःच्या घराचं पान मात्र त्याने एकदाच उघडलं होतं, २०२१ मध्ये, घर घेतल्यावर, नाव नीट लागलंय का ते बघायला.

२०२४ च्या एप्रिलमध्ये सुहासचे अण्णा आणि आई पुण्याहून आले. अण्णा भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षं सातारा जिल्ह्यात भूकरमापक म्हणून साखळी ओढत काढलेली, पुढे कचेरीत टेबलामागे. कोणताही छापील कागद हातात आला की ते आधी उलटा करून मागची बाजू वाचत. नोटिशीचा जीव मागच्या बाजूला असतो, असं त्यांचं म्हणणं.

ते आल्यावर थोड्याच दिवसांत मूल्यांकन कार्यालयाचा लिफाफा आला. सुहासने तो पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर शेल्फवर टाकला.

“उघडत नाहीस?” अण्णा म्हणाले.

“घरावरच्या टॅक्सचं आहे. दर वर्षी येतं. टॅक्स बँक भरते, आपण काही करायचं नसतं.”

बँक भरते म्हणजे काय, तर घराच्या मासिक हप्त्यातच कर्जाबरोबर कराचा आणि विम्याचा बारावा हिस्सा घेते, वेगळ्या खात्यात साठवते आणि वर्षाअखेर बिल आलं की भागवते. सोय मोठी आहे. पण या सोयीची एक गंमत अशी की माणूस कर भरतो आणि त्याला तो कधी दिसतच नाही. त्याला दिसतो फक्त हप्ता. त्या हिवाळ्यात बँकेचं पत्र आलं होतं की कराच्या खात्यात तूट आहे, हप्ता महिना ३१० डॉलरने वाढेल. सुहासने चडफडत ते मान्य केलं आणि दोष राज्य सरकारला देऊन टाकला. इथे राज्याचा इन्कम टॅक्स नाही, म्हणून हे लोक घरांवर डल्ला मारतात, हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते अर्धंच खरं होतं. इन्कम टॅक्स नाही हे बरोबर, पण टेक्सासचं राज्य सरकार स्वतः घरावर एक सेंटसुद्धा घेत नाही. घराचा सगळा कर स्थानिक असतो: शाळेचा, शहराचा, काउंटीचा, कॉलेजचा. सुहासच्या घराला शंभर डॉलर किमतीमागे साधारण एक डॉलर सत्तर सेंट पडत होते आणि त्यातला साठ टक्के भाग एकट्या शाळा जिल्ह्याचा होता.

दुपारी घरात कोणी नसताना अण्णांनी लिफाफा उघडला. आधी मागची बाजू वाचली, मग पुढची. संध्याकाळी सुहास आल्याआल्या त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

“हा रकाना रिकामा का?”

“कुठला?”

“सवलतीचा. स्वतः राहत्या घराला काहीतरी सूट असेल ना इथे?”

“होमस्टेड? ते लागलेलंच असणार, अण्णा. घर आपल्या नावावर आहे.”

“नावावर असणं वेगळं आणि तिथे राहणं वेगळं. तू इथे राहतोस, हे या कचेरीला कोणी सांगितलं?”

अण्णांना हा प्रश्न सुचला त्याचं कारण पुण्यात होतं. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्या मालकाला मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. मध्यंतरी ती बंद झाली आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. मात्र अनेकांना ती परत मिळवायला ‘पीटी ३’ नावाचा अर्ज भरून, आपण त्याच घरात राहतो याचा पुरावा जोडून द्यावा लागला. अण्णा त्या रांगेत उभे राहिलेले होते. त्यांच्याच सोसायटीत सात-आठ जण ‘ते आपोआप होईल’ म्हणत घरी बसले होते.

टेक्सासातही ते आपोआप होत नाही. राहत्या घराची सूट मागावी लागते. अर्ज एकदाच करायचा, तोही फुकट. मालक नागरिक असलाच पाहिजे अशी अट नाही, पण ते त्याचं मुख्य राहतं घर हवं आणि वाहन परवान्यावर त्याच घराचा पत्ता हवा. सुहासच्या परवान्यावर अजून प्लेनोमधल्या जुन्या अपार्टमेंटचा पत्ता होता. घर घेतलं त्या वर्षी मेघनाने अर्ज डाउनलोडही केला होता. परवाना बदलून आणू मग पाठवू, म्हणून तो राहिला. तीन वर्षं राहिला.

सूट लहान नव्हती. २०२२ साली शाळेच्या करासाठी घराच्या किमतीतून ४०,००० डॉलर वजा होत होते, २०२३ पासून एक लाख. शहर आणि काउंटी आपापली थोडी टक्केवारी सोडत ती वेगळी. शिवाय जी गोष्ट सुहासला अजिबात माहीत नव्हती ती अशी की, ज्या घराला ही सूट लागलेली असते त्याची करासाठी धरलेली किंमत दुसऱ्या वर्षापासून दर साल दहा टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. बाजार कितीही उसळला तरी. २०२२ आणि २०२३ मध्ये उत्तर टेक्सासात बाजार चांगलाच उसळला होता, आणि सुहासच्या घराला कुंपणच नव्हतं.

“म्हणजे बुडाले,” सुहास म्हणाला.

“मागची बाजू वाच,” अण्णा म्हणाले. खरं तर ते त्या नोटिशीच्या मागे नव्हतं, अर्जासोबतच्या सूचनांत होतं. कराची मुदत संपल्यानंतर दोन वर्षांपर्यंत उशिरा अर्ज चालतो. कर ३१ जानेवारीपर्यंत भरायचा असतो. म्हणजे २०२२ चा कर २०२३ च्या जानेवारीअखेर, आणि तिथून पुढे दोन वर्षं. दोन्ही वर्षांची सूट अजून हाताशी होती. सुहासने आठवड्याभरात परवाना बदलायला टाकला.

गोष्ट इथे संपली असती तर ती आळसाची गोष्ट झाली असती, आणि आळसाच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण अण्णांना आता चव लागली होती.

त्यांनी सुहासला घराचे सगळे कागद काढायला लावले. जेवणाच्या टेबलावर खरेदीखत, कर्जाचं खत, सर्व्हे, बँकेने घर घेताना करवून घेतलेला मूल्यांकनाचा अहवाल असा पसारा पडला. अण्णा एकेक उचलत आणि त्यांच्या खात्यात त्याला जे म्हणतात ते सांगत. प्लॉट शून्य पूर्णांक सतरा एकर, म्हणजे सात गुंठ्यांना जरा कमी. लॉट अमुक, ब्लॉक तमुक, हा झाला तुझा सिटी सर्व्हे नंबर. कर्जाचं खत वेगळं नोंदलंय, म्हणजे इतर हक्कात बँकेचा बोजा. खरेदीखत काउंटी क्लार्ककडे, तो आपला दुय्यम निबंधक. क्षेत्र आणि किंमत धरणारे हे मूल्यांकनवाले वेगळे. पैसे गोळा करणारा तिसराच. सुहासची तोवर समजूत होती की काउंटी म्हणजे एकच कुणीतरी, आणि तोच किंमत वाढवतो, तोच कर लावतो, तोच खातो.

“किंमत ठरवणारे दर ठरवत नाहीत,” अण्णांनी नोटिशीवरची ओळ दाखवली. “किमतीबद्दल भांडायचं तर पंधरा मेच्या आत, या कचेरीत. दराबद्दल भांडायचं तर उन्हाळ्याअखेर शाळेच्या बोर्डापुढे आणि शहराच्या सभेत. तू पार्टीत भांडतोस. तिथे यातलं कोणीच नसतं.”

आणि मग त्यांना आकडा सापडला. मूल्यांकन कार्यालयाच्या नोंदीत घर ३,४१० चौरस फूट होतं. बँकेच्या अहवालात ३,१२४. फरक २८६.

सुहासने संकेतस्थळावर नकाशा शोधला. मिळाला नाही. घराचा आराखडा किंवा फोटो इंटरनेटवर टाकायला, तसंच मालक ६५ वर्षांच्या पुढचा आहे हे उघड करायला टेक्सासच्या कायद्यानेच मनाई आहे. चोरांची आणि ठकांची सोय होऊ नये म्हणून. मालकाला स्वतःचा आराखडा मात्र मागता येतो. दोघे कार्यालयात गेले आणि तो घेऊन आले. वरच्या मजल्याचा चौकोन अखंड काढलेला होता. प्रत्यक्षात खालच्या बैठकीच्या खोलीचं छत थेट वरपर्यंत गेलेलं होतं, वर तिथे जमीनच नव्हती, नुसती पोकळी. बाहेरून बघून हे कळणं कठीण. काउंटीत लाखो घरं असतात, कार्यालयाची माणसं आत येऊन कोणाचं घर मोजत नाहीत. २००५ साली घर बांधलं तेव्हा कोणीतरी बाहेरच्या भिंती मोजून चौकोन जोडला आणि आधीच्या मालकासकट कोणीच तो कधी तपासला नाही.

शनिवारी अण्णांनी मोजणी काढली. सुहासची आठ वर्षांची लेक ईरा टेपचं एक टोक धरायला. अण्णांनी घराला बाहेरून पूर्ण वळसा घातला, कोपऱ्याकोपऱ्याला थांबून आकडे बोलले, ईराने ते पाठकोऱ्या कागदावर लिहिले. आई खुर्ची टाकून बघत होती. निवृत्तीनंतर हे इतके खूश कधी दिसले नव्हते, असं ती मेघनाला म्हणाली. वरची पोकळी भरली बावीस बाय तेरा. दोनशे शहाऐंशी. फुटाला फूट.

कुंपणापलीकडून बार्बराबाई हे बघत होत्या. घर विकताय का, असं त्यांनी विचारलं. सुहासने काय चाललंय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, “बरं झालं आठवलं, मलाही काउंटीचं पत्र आलंय, पैसे मागितलेत,” आणि आत जाऊन लिफाफा घेऊन आल्या. जाड कागद, वर गरुडासारखं काहीतरी चिन्ह, मोठ्या अक्षरांत त्यांचा पत्ता आणि प्लॉटची नोंद. तुमच्या मालकीहक्काच्या दस्ताची प्रमाणित प्रत हवी असल्यास शंभरच्या आसपास डॉलरचा चेक अमुक तारखेपर्यंत पाठवा. चेक लिहून तयार होता.

अण्णांनी पत्र उलटं केलं. मागे खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं की ही कंपनी खासगी आहे, तिचा कोणत्याही सरकारी कार्यालयाशी संबंध नाही.

काउंटी क्लार्ककडे दस्ताची साधी प्रत पानाला एक डॉलर पडते. प्रमाणित हवी तर वर आणखी पाच. बार्बराबाईंनी चेक फाडला. मग अण्णांनी सुहासला विचारायला सांगितलं, की बाईंचं वय काय? सुहासला ते कसंतरी वाटलं, पण विचारलं. एकाहत्तर. २००४ पासून त्या घरात. राहत्या घराची सूट तेव्हाच घेतलेली होती. वयाची? वयाची वेगळी काही असते हे त्यांना माहीत नव्हतं.

असते. ६५ पूर्ण झालेल्या मालकाला शाळेच्या करात आणखी दहा हजारांची सूट तेव्हा होती, आणि तिच्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळेच्या कराची रक्कम तिथेच गोठते. घराची किंमत चढली तरी तो भाग वर जात नाही, घराला नवं बांधकाम जोडलं नाही तर. कार्यालयाकडे वयाची नोंद असेल तर हल्ली ते स्वतःहूनही देतात. बार्बराबाईंचा अर्ज वीस वर्षांपूर्वीचा. त्यात वय कोणी विचारलं असलं-नसलं, नोंद नव्हती. सुहासने त्यांचं पान किती वेळा उघडलं होतं! किंमत पाहिली, क्षेत्र पाहिलं, स्वयंपाकघर जुनं असणार असा अंदाज केला. बाई एकट्या आहेत, वय झालंय, आणि कर पुरा भरताहेत, हे त्याच्या मनात आलं नाही. वय पानावर नव्हतं, हे खरं. पण वय कुंपणापलीकडे रोज झाडांना पाणी घालत होतं. त्याने त्यांचा अर्ज भरून दिला, त्याच टेबलावर बसून. यावर अण्णा काही बोलले नाहीत.

बोलले ते पुढच्या गोष्टीवर.

घराच्या मागे सुहासने दोन वर्षांपूर्वी पत्र्याखालचा ओटा काचांनी बंद करून खोली केली होती. वीस बाय बारा. ईरा तिथे खेळे, आई तिथे उन्हाला बसे. शहराचा बांधकाम परवाना रीतसर काढलेला, पण मूल्यांकन कार्यालयाच्या आराखड्यात ती खोली नव्हती. नोंद इकडून तिकडे पोहोचायची राहिली होती. अण्णांच्या नकाशात ती होती. ईराने तिच्यात आपलं नावही घातलं होतं.

रात्री सुहासने नकाशा पाहिला आणि म्हणाला, “ही काढून टाकू.”

“का?”

“त्यांच्या कागदावर नाही ती. आपण पोकळीचे २८६ सांगायला चाललोय, खोलीचे २४० कशाला सांगायचे? मी वाचलंय, अण्णा. वाढीव बांधकाम मालकाने स्वतःहून कळवायची सक्ती नाही इथे. परवाना शहराने दिला, कळवायचं तर त्यांनी कळवावं.”

“मग कळवू नकोस.”

“तेच तर म्हणतोय.”

“काहीच कळवू नकोस. तीन हजार चारशे दहावर कर भर, खोली वापर, गप्प राहा. तुझा कायदा म्हणतो सक्ती नाही, तर नाही. पण माझ्या घराचं क्षेत्र चुकलंय असं सांगून त्यांच्यासमोर बसणार असशील, तर खरं क्षेत्र घेऊन बस. अर्धी मोजणी मी कधी केली नाही.”

“वर्षाला दोनशे चाळीस डॉलरचा प्रश्न आहे.”

“आकडा मला समजतो.”

अण्णांनी मग कोरेगाव तालुक्यातली एक हकिगत सांगितली. शेजाऱ्याने बांध कोरलाय म्हणून एका शेतकऱ्याने मोजणी मागितली. खुणा टाकल्या, तर शेजारी दोन हात आत आलेला खरंच निघाला. पण वरच्या कोपऱ्यात अर्जदाराचीच विहीर अर्धी शेजाऱ्याच्या गटात निघाली. तो माणूस गूळ-शेंगा घेऊन मुक्कामी आला. साहेब, खालचा बांध दाखवा, वरचं कशाला? अण्णांनी त्याला सांगितलं की मोजणी मागे घे, फी गेली असं समज, मी खुणा पुसतो. नाहीतर दोन्ही दाखवतो. हद्द एका बाजूची नसते.

“मग त्याने काय केलं?” मेघनाने विचारलं.

“दोन दिवस माझ्याशी बोलला नाही,” अण्णा म्हणाले आणि झोपायला गेले.

सुहासही दोन दिवस नीट बोलला नाही. मला विचाराल तर त्याचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. दोनशे चाळीस डॉलर हा आकडा, आणि समोर लाखो घरांचं कार्यालय, ज्याने त्याच्याकडून आधीच जास्त घेतलंय. असा हिशोब आपण सगळेच मनात मांडतो, पुण्यात बाल्कनी आत घेताना, गावी पडवीला भिंत घालताना. सरकारने आपल्याकडून जादा घेतलं तर ती चूक, आपल्याकडून कमी घेतलं तर ती त्यांची अडचण. तिसऱ्या रात्री तो खोली वगळून नवा नकाशा काढायला बसला. काढलाही. खाली अण्णांनी त्यांच्या नकाशावर सवयीने जशी तारीख आणि सही केली होती, तशी जागा सोडली. सकाळी त्याने तो अण्णांपुढे ठेवला.

“सुबक आहे,” अण्णा म्हणाले. “सही तुझी कर.”

त्याने पेन उघडलं, मिटवलं, आणि ऑफिसला निघून गेला. जूनमध्ये कार्यालयात बोलावणं आलं तेव्हा त्याच्या फायलीत अण्णांचाच नकाशा होता, ईराच्या अक्षरासकट.

आधी अनौपचारिक भेट असते, कार्यालयाच्या एका मूल्यांकनकारासमोर. तिथे जमलं नाही तर नागरिकांच्या पुनर्विलोकन मंडळापुढे शपथेवर सुनावणी. सुहासने त्याच्या खास विद्येचाही उपयोग केला होता. टेक्सासात घराची किंमत बाजारभावाहून जास्त धरली असेल तर दाद मागता येतेच, पण शेजारच्या तशाच घरांच्या मानाने आपलंच जास्त धरलं असेल तर तेवढ्याही मुद्द्यावर मागता येते. ही पानं सगळ्यांना उघडी ठेवण्याचं खरं कारण मला हेच वाटतं. आपला वाटा दुसऱ्याच्या वाट्याशी ताडून बघता यावा म्हणून ती आहेत. सुहासने त्याच आराखड्याची पाच घरं काढली, चौरस फुटाचा दर मांडला. पाचांपैकी तीन घरांचा दर त्याच्या दरापेक्षा जास्तच निघाला. “हा मुद्दा आपला नाही,” म्हणून अण्णांनी तो कागद फाइलमधून काढायला लावला.

टेबलापलीकडे एक तरुण मुलगी होती. तिने दोन्ही नकाशे शेजारी ठेवले, फोटो पाहिले, बँकेचा अहवाल चाळला. मागच्या खोलीशी येऊन म्हणाली, “ही आमच्याकडे नाही.” सुहास म्हणाला, “नाही. परवान्याची प्रत मागे जोडली आहे.” तिने मान डोलावली आणि टाइप करत राहिली. कौतुक नाही, आश्चर्य नाही. पोकळीचे ४३,००० वजा झाले. खोली काचेची, तिचा दर कमी, १४,००० मिळवले. सात लाख पाच हजारांचे सहा लाख शहाहत्तर हजार झाले. सुहासने सही केली. सगळं मिळून वीस मिनिटं. बाहेर गाडीत बसल्यावर तो एवढंच म्हणाला की आता जाहिरातवाल्यांची पत्रंही उलटी करून वाचावी लागणार.

उशिरा अर्जाचा परतावा ऑगस्टमध्ये आला. दोन वर्षांचा मिळून पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास. बार्बराबाईंचाही आला. त्यांनी केळ्यांचा केक करून आणला आणि आईने त्यांना शंकरपाळ्यांचा डबा दिला. त्याच महिन्यात शाळेच्या बोर्डाची पुढच्या दरावर जाहीर सुनावणी होती. अण्णांनी तारीख लिहून फ्रिजवर लावली होती. सुहास काही गेला नाही, हेही सांगून टाकतो.

मंडळात त्याला अजून तलाठीच म्हणतात. फक्त हल्ली लोक फोन करून स्वतःच्याच घराचं विचारतात आणि तो पहिला प्रश्न परवान्यावरच्या पत्त्याचा विचारतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये टेक्सासच्या मतदारांनी राहत्या घराची शाळेच्या करातली सूट एक लाखावरून १,४०,००० डॉलरवर नेली, आणि ६५ वर्षांपुढच्यांची जादा सूट दहा हजारांवरून साठ हजारांवर. नव्याने घर घेणाऱ्याला अर्ज मात्र अजूनही स्वतःच करावा लागतो, आणि त्याला फी नाही.